मूव्हिंग मॅप बंद, नकाशा मांडीवर: जुन्या विमानातून क्रॉयडन ते डार्विन

धागाकर्ती

नमस्कार मंडळी,

गेले पाच महिने संगणकावरच्या फ्लाइट सिम्युलेटरमध्ये (म्हणजे 'सिम'मध्ये) माझा एकच प्रवास चालू आहे. त्यातल्या एका टप्प्यावर मी अशी काही चुकले की ते लिहून काढल्याशिवाय चैन पडेना. म्हणून हा धागा. नकाशा, होकायंत्र आणि घड्याळ एवढ्याच भांडवलावर लांबचं उडायला ज्यांना आवडतं त्यांनी आपले अनुभव इथे लिहावेत. ज्यांनी अजून करून पाहिलं नाही त्यांनी बिनधास्त विचारावं.

प्रवास एमी जॉन्सन या ब्रिटिश वैमानिक बाईचा आहे. 5 मे 1930 ला ती लंडनजवळच्या क्रॉयडनहून एकटी निघाली आणि 24 मे ला ऑस्ट्रेलियात डार्विनला उतरली. सुमारे 11,000 मैल. विमान जिप्सी मॉथ, नाव 'जेसन'. लाकडाचा सांगाडा, त्यावर कापड, उघडं कॉकपिट, रेडिओ नाही. निघाली तेव्हा तिच्या गाठीशी शंभर तासांचंही उड्डाण नव्हतं. तरी कराचीपर्यंत ती सहा दिवसांत पोचली, म्हणजे 1928 मध्ये याच प्रवासात बर्ट हिंकलर या वैमानिकाने लावलेल्या वेळेपेक्षा दोन दिवस आधी. तिचं विमान आजही लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये टांगलेलं आहे.

मला जिप्सी मॉथचं एक मोफत मॉडेल मिळालं, जादा टाक्या असलेलं. नियम मी स्वतःला घालून घेतले ते असे: जीपीएस काढून टाकायचा, सिममधल्या नकाशावर विमानाचं चिन्ह लपवायचं, वारा खराखुरा ठेवायचा, वेळ पळवायचा नाही, आणि हरवले तर विमान थांबवून शोधाशोध करायची नाही. नकाशा दहा लाखांस एक या प्रमाणाचा, जुना, पट्ट्यांमध्ये छापून घेतलेला. मार्गाची रेघ ओढायची आणि तिच्यावर दर दहा मिनिटांच्या अंतरावर आडवी खूण करायची. ताशी 85 मैल वेग धरला तर दहा मिनिटांत 14 मैल. एवढीच तयारी.

आता चूक सांगते.

टप्पा अलेप्पो ते बगदाद. सरळ रेषेत साधारण 455 मैल, म्हणजे साडेपाच तासांच्या आसपास. एमीला याच टप्प्यावर वाळूच्या वादळाने गाठलं होतं. तिने विमान वाळवंटात उतरवलं, चाकांना सामानाची उटी लावली आणि पिस्तूल हाताशी घेऊन वादळ ओसरेपर्यंत बसून राहिली. मला वादळ नव्हतं, पण धूळ होती. खाली सरळ पाहिलं तर जमीन दिसे, समोर पाहिलं तर सगळं पिवळट दूध.

हदिथापर्यंत सोपं गेलं, कारण युफ्रेटिस नदी बराच वेळ सोबत असते. हदिथानंतर नदी दक्षिणेला हिटकडे वळते आणि बगदादची सरळ रेघ तिला सोडून वाळवंटात शिरते. मी हदिथावर घड्याळ पाहिलं, वेळ लिहिली, 116 अंशांचं हेडिंग (विमानाचं नाक ठेवायची दिशा) धरलं आणि नदी सोडली.

27 मिनिटांनी समोर पाणी आलं. मोठं पाणी. नकाशा पाहिला. रेघेच्या दक्षिणेला, रमादी आणि फलुजा यांच्या मधे, हब्बानिया नावाचं तळं होतं. त्या भागातलं नकाशावरचं एकमेव मोठं तळं. म्हणजे मी दक्षिणेला वाहवत आले होते! मला इतकं हायसं वाटलं की काय सांगू. जागा सापडली होती. हब्बानियाहून बगदाद जवळपास थेट पूर्वेला, म्हणून डावीकडे वळून 090 धरलं.

तळं ओलांडायला वेळ लागला. नकाशावर ते इतकं रुंद नव्हतं. मी मनाशी म्हटलं, पाणी चढलं असेल. (हे वाक्य मी तेव्हा वहीत लिहिलं आहे. आज वाचताना त्याच्यावरच नजर थांबते.) मग फलुजा दिसायला हवं होतं, दिसलं नाही. म्हटलं, धुळीत राहून गेलं असेल. युफ्रेटिस पुन्हा ओलांडायला हवी होती, तीही आली नाही. तिच्यासाठीही मी काहीतरी कारण शोधलं.

मग एक नदी आली, पण उलट्या बाजूने आल्यासारखी, आणि काठावर बगदाद नव्हतं. एक मध्यम गाव होतं. गावाच्या उत्तरेला जमिनीवर एक भलामोठा आयत दिसला, जाड भिंतींचा, आत रिकामा. त्याच्या एका बाजूला, भिंतीबाहेर, एक गोल. मी खाली उतरत गिरकी घेतली. गोलाच्या आत वळत वळत वर जाणारी वाट होती आणि त्याची सावली जमिनीवर लांब पडली होती. समाराचा मलविया मिनार! नवव्या शतकातला, 52 मीटर उंच, शंखासारखा. जगात दुसऱ्या कशाशी त्याची गल्लत होऊच शकत नाही. मी टायग्रिसवर होते, बगदादच्या उत्तरेला सव्वाशे किलोमीटर.

पुढे नदी धरून दक्षिणेला गेले आणि बगदादला उतरले, टाकीत थोडंच शिल्लक असताना. मग आजचा नकाशा उघडून पाहिला. मला भेटलेलं पाणी हब्बानिया नव्हतंच. ते थरथार सरोवर. माझ्या जुन्या नकाशावर त्या जागी कोरडा खोलगट भाग आहे. 1956 मध्ये समाराजवळ टायग्रिसवर बंधारा झाला, पुराचं पाणी त्या खोलगटात सोडायला लागले आणि तिथे समुद्रासारखं सरोवर झालं. सिममध्ये जमीन आजची, माझ्या मांडीवर नकाशा तेव्हाचा.

पण दोष मी नकाशाला देत नाही. हदिथाहून हब्बानियाचा जवळचा काठ सुमारे 79 मैल. 85 च्या वेगाने 56 मिनिटं. माझ्या घड्याळात 27 झाली होती. ज्या तळ्याला पोचायला तासभर लागायला हवा, तिथे अर्ध्या तासात कशी पोचेन मी? उत्तर माझ्या मनगटावर होतं आणि मी ते पाहिलंच नाही.

वैमानिकांना शिकवतात तो क्रम असा: आधी घड्याळ, मग नकाशा, मग जमीन. घड्याळ सांगेल की मी आत्ता रेघेवर कुठे असायला हवी, नकाशा सांगेल की तिथे काय दिसायला हवं, आणि मगच मान बाहेर काढून ते दिसतं का हे पाहायचं. मी उलटी गेले. आधी जमीन पाहिली आणि तिला जुळेल असं काहीतरी नकाशात शोधलं. तसं शोधलं की सापडतंच. नकाशावर तळी, नद्या, रेल्वेचे फाटे इतके असतात की कशाला ना कशाला काहीतरी जुळतं.

एमीचंही रंगूनजवळ असंच झालं होतं. मुसळधार पावसात तिला एक मोकळं मैदान दिसलं, तिला ते रंगूनचं रेसकोर्स वाटलं, आणि ती उतरली. ते इनसीनच्या तंत्रशिक्षण संस्थेचं खेळाचं मैदान होतं. विमान पुढे जाऊन खड्ड्यात गेलं. प्रोपेलर मोडला, पंख फाटला. युद्धात उरलेल्या विमानी कापडाचे तिथल्या लोकांनी शर्ट शिवले होते, ते उसवून पंखाला लावले, असा तो किस्सा आहे. मला तो आधीपासून माहीत होता. तरी बगदादच्या वाटेवर मी तेच केलं.

तुमचे अनुभव लिहा.

प्रतिसाद १

ताई, फार आवडलं. मिनार दिसतो तिथे अंगावर काटा आला.

एक शंका. साडेपाच तास नुसतं सरळ उडायचं म्हणजे कंटाळा येत नाही का? मी जेट उडवतो, ऑटोपायलट लावून चहाला जातो. तुम्ही वेळ चौपट का करत नाही? वारा तोच, अंतर तेच, मग काय फरक पडतो?

धागाकर्ती

फरक पडतो, आणि तो हातांना कळतो. मॉथला ऑटोपायलट नाही. हेडिंग पाच अंश इकडे तिकडे होतच राहतं आणि त्या डुलण्याची सरासरी काढणं हीच अर्धी नेव्हिगेशन आहे. वेळ चौपट केला की तुम्ही ते डुलणं सांभाळू शकत नाही.

आणि नुसतं सरळ उडणं होत नाही हो. दर दहा मिनिटांनी खूण येते. तिच्या दोन मिनिटं आधी मी नकाशात पाहून ठरवते की आता काय दिसायला हवं: डावीकडे रस्ता नदीला मिळतो, नदीत बेट आहे, बेटाचं टोक दक्षिणेला आहे. मग वाट पाहायची. दिसलं की वेळ लिहायची, किती मिनिटं लवकर किंवा उशिरा ते लिहायचं, त्यावरून जमिनीवरचा खरा वेग काढायचा, पुढच्या खुणेची वेळ सुधारायची. तोवर तेलाचा दाब बघा, जायरो (फिरत्या चक्रावर चालणारं दिशादर्शक) होकायंत्राशी जुळवून घ्या. एवढ्यात पुढची दहा मिनिटं आलेली असतात.

प्रतिसाद २

उत्तम धागा. होकायंत्राबद्दल थोडं लिहितो, कारण नवीन लोक बहुतेक तिथेच फसतात.

चुंबकीय होकायंत्र वळताना खोटं बोलतं. उत्तर गोलार्धात उत्तरेकडच्या हेडिंगवरून वळायला लागलात तर ते मागे राहतं, सुरुवातीला चक्क उलट वळल्यासारखं दाखवतं. दक्षिणेकडच्या हेडिंगवरून वळताना ते पुढे पळतं. पूर्व किंवा पश्चिमेला जाताना वेग वाढवला तर ते उत्तरेकडे सरकतं, कमी केला तर दक्षिणेकडे. दक्षिण गोलार्धात हे सगळं उलट. कारण असं की चुंबकीय बलरेषा जमिनीत तिरप्या शिरतात, तो तिरपेपणा लपवायला तबकडीचा गुरुत्वमध्य एका बाजूला ठेवलेला असतो, आणि विमान कललं की तोच घात करतो. चांगल्या सिममध्ये हे सगळं नीट उतरवलेलं असतं. म्हणून वळण संपवून, पंख समतल करून, वेग स्थिर करून, थोडं थांबून मगच आकडा वाचायचा.

जुन्या ब्रिटिश विमानांमध्ये होकायंत्र समोरच्या फळीवर नसून खाली, गुडघ्यांपाशी आडवं असे. वरच्या कड्यावर समांतर तारा असतात. कडं फिरवून हवं ते हेडिंग लावायचं आणि मग आतली सुई त्या तारांना समांतर ठेवत उडायचं. आकडे वाचायची गरजच नाही. नुसत्या नजरेच्या कडेने कळतं की सुई तिरकी झाली आहे. पहिल्यांदा मला ते अवघड वाटलं होतं, आता समोरची तबकडी नकोशी वाटते. मात्र एकदा मी सुईचं उलटं टोक तारांना लावून वीस मिनिटं बरोबर विरुद्ध दिशेला गेलो होतो. सूर्य कुठे आहे ते बघायची सवय तेव्हापासून लागली. सकाळी पूर्वेला निघालात तर ऊन तोंडावर हवं. बास.

आणखी एक. नकाशावरची उत्तर आणि चुंबकीय उत्तर यांतला फरक दरवर्षी बदलतो. जुन्या नकाशावर छापलेला फरक वापरू नका. सिम आजचा किंवा काही वर्षांपूर्वीचा वापरतो.

प्रतिसाद ३

मी नाईलवर उडतो, इम्पीरियल एअरवेज या त्या काळच्या ब्रिटिश विमानकंपनीच्या कैरो ते केप टाऊन मार्गावर. ताईंचं थरथार वाचून मला माझं वादी हाल्फा आठवलं.

जुन्या मार्गावर वादी हाल्फा हा महत्त्वाचा मुक्काम. तिथून नाईल पश्चिमेकडे मोठा वळसा घालते, पण रेल्वे घालत नाही. 1897 मध्ये किचनर या ब्रिटिश सेनापतीच्या सैन्याने तिथून न्यूबियाच्या वाळवंटातून थेट अबू हमदपर्यंत रूळ टाकले. सव्वादोनशे मैलांच्या वर, आणि मधे गावं नाहीत, म्हणून स्थानकांना नावं नाहीत, नुसते क्रमांक. वैमानिकाला याहून चांगली सोबत काय हवी? रूळ धरायचे आणि स्थानकं मोजायची.

मी नदी धरून अस्वानहून दक्षिणेला निघालो आणि नदीच नाहीशी झाली. अस्वानचं मोठं धरण 1970 मध्ये पुरं झालं, त्यामागचं नासर सरोवर जवळपास 500 किलोमीटर लांब आहे. जुनं वादी हाल्फा त्याच्या पाण्याखाली गेलं. काठ म्हणाल तर बोटांसारखे फाटे फुटलेले, प्रत्येक फाटा मुख्य प्रवाह वाटावा असा. नकाशावर जिथे धावपट्टी होती तिथे मी पाण्यावर घिरट्या घालत होतो. खाली काहीतरी आहे आणि आपण त्याच्यावरून उडतो आहोत, ही जाणीव विसरता येत नाही.

तरी माझं मत असं: नकाशा जुनाच ठेवावा. जुनं विमान, जुना मार्ग, मग नकाशा नवा घेतला तर राहिलं काय?

प्रतिसाद ४

वरच्या मताशी असहमत. एमी जॉन्सनकडे तिच्या काळातल्या जमिनीचा नकाशा होता. आपल्याकडे आपल्या काळातल्या जमिनीचा असायला हवा. तिला जी मदत होती तीच आपल्याला नाकारून आपण तिच्यापेक्षा कठीण काम करतो आणि त्याला अस्सलपणा म्हणतो. मला ते पटत नाही. नकाशा आणि जमीन एकाच काळातली हवी. विमान कोणत्याही काळातलं असो.

प्रतिसाद ३

मुद्दा बिनतोड आहे, मान्य. पण वादी हाल्फाच्या पाण्यावर मला जे वाटलं ते नव्या नकाशाने वाटलं नसतं. नव्या नकाशावर तिथे निळा रंग असता आणि मी पुढे गेलो असतो.

धागाकर्ती

दोघांचंही पटतंय. मी आता मार्ग जुन्या नकाशावर आखते आणि निघायच्या आदल्या दिवशी आजच्या नकाशावरून धरणं आणि सरोवरं पेन्सिलीने त्यावर उतरवून घेते. शहरं उतरवत नाही. शहरं फुगली आहेत एवढं लक्षात ठेवलं की पुरतं. पाणी मात्र फसवतं, कारण पाण्यावर आपला विश्वास असतो.

तसं त्या काळातही जमीन वैमानिकासाठी बदलत होतीच. कैरो ते बगदाद टपालासाठी ब्रिटिश हवाई दलाने 1921 मध्ये अम्मानपासून रमादीच्या दिशेने वाळवंटात शेकडो मैल नांगराची चरी ओढून ठेवली, वरून दिसावी म्हणून. मधल्या उतरण्याच्या जागांवर अक्षरं आणि आकडे मोठाले कोरले. अमेरिकेत 1920 च्या दशकात टपालमार्गावर दर दहाएक मैलांवर दिव्यांचे मनोरे आणि त्यांच्या पायाशी काँक्रीटचे बाण होते. त्यातले काही बाण आजही जमिनीवर आहेत. म्हणजे जमिनीवरच नकाशा काढायचा. मला ही कल्पना फार सुंदर वाटते.

प्रतिसाद ५

मी अगदी नवखा. सिम आहे, जॉयस्टिक आहे, नकाशा वाचायचा अनुभव शून्य. कुठून सुरुवात करू? विमान कोणतं घेऊ? थेट अटलांटिक करायची फार इच्छा आहे.

प्रतिसाद २

अटलांटिक थांबू द्या. पायपर कबसारखं हळू आणि वरून पंख असलेलं विमान घ्या, म्हणजे खालचं मोकळं दिसतं. पहिला प्रवास किनाऱ्याने करा, समुद्र एका हाताला ठेवून. 40 मैलांचे टप्पे. मग नदी, मग रेल्वे. वैमानिक रुळांना 'लोखंडी होकायंत्र' म्हणत ते उगाच नाही. फक्त फाट्यावर कोणता रूळ धरला ते लिहून ठेवा. त्यानंतर मोकळा मुलूख, आणि पाणी सगळ्यात शेवटी.

एक गणित मात्र आत्ताच पाठ करा. 60 मैल गेल्यावर 1 मैल बाजूला असाल तर चूक 1 अंशाची. 30 मैलांत 2 मैल बाजूला गेलात तर 4 अंश. तेवढे उलट वळलात की मूळ रेघेला समांतर व्हाल, पुढच्या 30 मैलांत रेघेवर परत यायचं तर त्याच्या दुप्पट वळा. हे डोक्यात करता आलं की कागद लागत नाही.

प्रतिसाद ६

वाऱ्याबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. माहीत असलेल्या जागेवरून बरोबर डोक्यावरून जायचं, हेडिंग अगदी घट्ट धरायचं आणि पाच मिनिटांनी मान वळवून मागे पाहायचं. ती जागा नेमकी शेपटीमागे असेल तर वारा बाजूने नाही. शेपटीच्या डावीकडे असेल तर तुम्ही उजवीकडे ढकलले जाता आहात. उघड्या कॉकपिटच्या विमानात ही सोय छान होते. धूर, धूळ, ढगांच्या सावल्या पळतात त्या दिशा, सगळं बघत जायचं.

लिंडबर्गने 1927 मध्ये न्यूयॉर्क ते पॅरिस साडेतेहेतीस तासांत केलं तेव्हा त्याला समोरचं दिसतच नव्हतं. मोठी टाकी पुढे बसवल्यामुळे काच नव्हती. बाजूच्या खिडक्या आणि एक छोटा पेरिस्कोप. मार्ग त्याने शंभर शंभर मैलांच्या तुकड्यांत कापून ठेवला होता, प्रत्येक तुकड्याला नवं हेडिंग. वारा तो लाटांवरून ताडत होता. आणि रात्रभर पाण्यावर राहून आयर्लंडच्या किनाऱ्यावर ठरवलेल्या जागेच्या अगदी जवळ आला. मी तो प्रवास एका बैठकीत करायचा प्रयत्न केला आणि अकराव्या तासाला सोडला. पुन्हा करणार आहे.

प्रतिसाद ७

पाण्यावरच्या प्रवासासाठी चिचेस्टरची युक्ती सांगतो.

फ्रान्सिस चिचेस्टरने 1931 मध्ये न्यूझीलंडहून ऑस्ट्रेलियाला टास्मान समुद्र एकट्याने ओलांडला, तोही जिप्सी मॉथमधूनच, चाकांऐवजी तरंगे लावून. एवढं इंधन एका दमात मावत नव्हतं, म्हणून मधे नॉरफोक बेट आणि लॉर्ड हाऊ बेट गाठायचं. नॉरफोक बेट जेमतेम आठ किलोमीटर लांब आणि पाण्यावरून अंतर 480 मैलांच्या आसपास. बेटावर सरळ नेम धरला आणि वेळ झाली तरी बेट दिसलं नाही, तर ते डावीकडे राहिलं की उजवीकडे? कळायला मार्ग नाही. अर्धी शक्यता अशी की आपण वळू ते समुद्रातच.

म्हणून त्याने मुद्दाम चुकीचा नेम धरला. बेटाच्या बराच डावीकडे. सेक्स्टंटने (क्षितिजापासूनची उंची मोजायच्या उपकरणाने) सूर्य मोजत राहिला आणि सूर्याने सांगितलं की आता बेट बरोबर उजव्या हाताला आहे, तेव्हा काटकोनात उजवीकडे वळला. बेट समोर आलं. लॉर्ड हाऊला रात्री वादळात त्याचं विमान नांगरावरच उलटून मोडलं, आणि बेटावरच्या लोकांना हाताशी धरून त्याने ते पुन्हा उभं केलं, ती वेगळी गोष्ट.

सिममध्ये सेक्स्टंट नसला तरी लांब किनाऱ्यासाठी ही युक्ती चालते. ज्या गावाला जायचंय त्याच्या खात्रीने एका बाजूला नेम धरा. किनारा आला की कोणत्या हाताला वळायचं हे निघतानाच ठरलेलं असतं.

1937 मध्ये अमेरिकन वैमानिक अमेलिया इअरहार्ट आणि तिचा नेव्हिगेटर पॅसिफिकमधलं हाऊलंड बेट शोधता शोधता बेपत्ता झाले. ते बेट दोन किलोमीटरच्या आसपास लांब. मी एकदा चांगल्या हवेत तिथे जाऊन पाहिलं. ढगांच्या सावल्यांमध्ये ते बेट ओळखता येत नाही. प्रत्येक सावली बेट वाटते. त्या दिवसानंतर मी त्या दोघांबद्दल कुठलंही मत द्यायचं सोडलं.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. तीन आठवड्यांनी लिहिते आहे, कारण काल रात्री पोचले.

शेवटचा टप्पा तिमोर बेटावरच्या अताम्बुआहून डार्विन. सरळ 465 मैल, त्यातलं बहुतेक सगळं पाणी. एमीच्या वेळी तेलकंपनीचं एक जहाज मार्गावर मधोमध उभं होतं आणि ते तिला दिसलं. मला जहाज नाही.

चिचेस्टरची युक्ती वापरली. डार्विनच्या अलीकडे बॅथर्स्ट नावाचं मोठं बेट आहे. थेट रेघ त्याच्या दक्षिण टोकाला थोडक्यात चुकवून जाते, म्हणजे चार अंश उजवीकडे वाहवले तर बेट दिसणारच नाही. म्हणून नेम डावीकडे, बेटाच्या पश्चिम किनाऱ्याच्या मध्यावर धरला. किनारा आला की उजवीकडे, हे नकाशाच्या कडेला मोठ्या अक्षरात लिहिलं.

वारा तोंडावरचा होता. या दिवसांत तिथे आग्नेयेकडून येणारे व्यापारी वारे असतात. अताम्बुआहून तिमोरच्या दक्षिण किनाऱ्यापर्यंत 29 मैल, त्यांना 25 मिनिटं लागली. म्हणजे जमिनीवरचा वेग ताशी 70. मागे पाहिलं तर किनाऱ्यावरचं नदीचं मुख शेपटीच्या सरळ मागे. बाजूचा वारा जवळपास नाही. 70 ने बॅथर्स्टचा किनारा साडेपाच तासांवर. तो आकडा वहीत लिहिला आणि त्याच्याभोवती चौकोन काढला.

मग पाणी. चार तास काहीच नाही. पाण्यावर दहा मिनिटांच्या खुणांना काही अर्थ उरत नाही असं वाटतं, पण मी त्या मारत राहिले. दर खुणेला वेळ, हेडिंग, वारा तसाच, काही नाही. पुढची खूण. काही नाही.

4 तास 48 मिनिटांनी डावीकडे, क्षितिजावर, काळसर पट्टा दिसला. लांब, सपाट, खालच्या बाजूला फिकट कड. वाळूचा किनारा असावा तशी. हात आपसूक डाव्या बाजूला गेले, खोटं कशाला बोलू. बेट इतकं डावीकडे म्हणजे मी उजवीकडे वाहवले, आता डावीकडे वळायला हवं. अगदी हब्बानियासारखंच सगळं जुळत होतं.

मग वहीतला चौकोन पाहिला. साडेपाच तास. अजून 42 मिनिटं, म्हणजे 49 मैल. या हवेत मला 20 मैलांपलीकडचं दिसत नव्हतं. तो पट्टा जमीन असूच शकत नव्हता. हेडिंग सोडलं नाही. दहा मिनिटांनी पट्टा मधोमध तुटला आणि त्याच्या वर ढग होते हे दिसलं. सावली होती.

5 तास 14 मिनिटांनी बरोबर समोर एक रेघ आली. ती तुटली नाही. जाड होत गेली, हिरवी झाली, तिच्याखाली पांढरी कड आली. 5 तास 33 ला किनारा ओलांडला. तीन मिनिटं उशीर. उजवीकडे वळले, बेटाचं टोक ओलांडलं, मग पुन्हा पाणी, मग डार्विनचा किनारा.

6 तास 47 मिनिटांनी चाकं टेकली. इंजिन बंद केलं आणि बराच वेळ तशीच बसून राहिले. पंख्याची शेवटची फेरी थांबल्यावर कॉकपिटमध्ये घड्याळाची टिकटिक ऐकू येते. पाच महिन्यांत मला ती कधी ऐकू आली नव्हती.

प्रतिसाद ३, तुमच्या अबू हमदच्या रुळांवर पुढच्या महिन्यात येते आहे. कुठल्या क्रमांकाच्या स्थानकावर भेटायचं ते कळवा.